सैनिकी मानचिन्हे : नळदुर्गची लढाई व अशोकचक्र

सैनिकाच्या गणवेशावर त्याचे पद, त्याचे दल, त्याची सेवा व त्याचा पराक्रम दर्शविणारी जी चिन्हे विहित नियमांनुसार धारण केली जातात, त्यांना सैनिकी मानचिन्हे असे म्हणतात. स्कंधपट्टीवरील तारे, बाहीवरील फिती, शिरोवेष्टनावरील दलचिन्ह, गळपट्टीवरील बिल्ले आणि छातीवरील पदके ही त्यांची प्रमुख अंगे होत. या चिन्हांना अलंकाराचे रूप असले, तरी त्यांचा हेतू अलंकरणाचा नाही. कोणते चिन्ह कोणी, कोणत्या बाजूस व कोणत्या क्रमाने धारण करावे, हे शासनाने ठरविलेले असते. त्यामुळे गणवेश हा वाचता येण्याजोगा लेख ठरतो आणि त्यातील प्रत्येक चिन्ह हे शासनाचे एक विधान असते. या दृष्टीने पाहता धाराशिव (पूर्वीच्या उस्मानाबाद) जिल्ह्यातील नळदुर्ग या गावास स्वतंत्र भारताच्या मानचिन्हांच्या इतिहासात विशेष स्थान आहे. तेथे १३ सप्टेंबर १९४८ रोजी झालेल्या लढाईतील पराक्रमासाठी हवालदार बचित्तर सिंग यांस अशोकचक्र हे पदक मरणोत्तर देण्यात आले व या पदकाच्या मानकऱ्यांची परंपरा तेथून सुरू झाली. ते परमवीरचक्र नसून अशोकचक्र का होते, या प्रश्नाच्या उत्तरात हैदराबाद संस्थानाच्या विलीनीकरणाचे राजकीय व कायदेशीर स्वरूप सामावलेले आहे.

पदचिन्हे व धर्मचिन्हे : भारतीय भूसेनेतील पदचिन्हांची चौकट ब्रिटिश अमदानीतील आहे. स्वातंत्र्यानंतरही २६ जानेवारी १९५० पर्यंत भारत हे राष्ट्रकुलातील एक अधिराज्य होते. त्यामुळे अधिकाऱ्यांच्या स्कंधपट्टीवर ब्रिटिश राजमुकुट कायम होता. प्रजासत्ताकाच्या स्थापनेबरोबर मुकुटाची जागा सारनाथ येथील अशोकस्तंभाच्या सिंहशीर्षाने घेतली. मेजरच्या स्कंधपट्टीवर एकटे सिंहशीर्ष, लेफ्टनंट कर्नलच्या स्कंधपट्टीवर सिंहशीर्ष व एक तारा, कर्नलच्या स्कंधपट्टीवर सिंहशीर्ष व दोन तारे, अशी ही श्रेणी आहे. नायब सुभेदार, सुभेदार व सुभेदार मेजर या कनिष्ठ राजादिष्ट अधिकाऱ्यांच्या स्कंधपट्टीवर अनुक्रमे एक तारा, दोन तारे व सिंहशीर्ष असते आणि त्याखाली तांबड्या-पिवळ्या रंगांची आडवी फीत असते. हवालदाराचे पद बाहीवरील तीन कोनाकृती फितींनी ओळखले जाते.

सैन्यातील धर्मगुरूंच्या बाबतीत चिन्हांचा प्रश्न अधिक नाजूक होतो; कारण एकाच व्यक्तीच्या अंगावर शासनाने दिलेले पद व धर्माने दिलेली भूमिका अशा दोन गोष्टी एकत्र येतात. अनेक पाश्चात्त्य सैन्यांत धर्मगुरू हा अधिकारी असून पदचिन्हाबरोबर आपल्या धर्माचे चिन्हही धारण करतो. अमेरिकेच्या भूसेनेत ख्रिस्ती धर्मगुरूस क्रूस, ज्यू धर्मगुरूस दशाज्ञांच्या शिलापट्ट, मुस्लिम धर्मगुरूस चंद्रकोर व बौद्ध धर्मगुरूस धर्मचक्र, अशी चिन्हे ठरवून दिलेली आहेत. १९४९ च्या पहिल्या जिनीव्हा संकेतान्वये युद्धभूमीवरील धर्मगुरूंना वैद्यकीय सेवकांप्रमाणेच संरक्षण लाभते. त्यासाठी त्यांनी डाव्या दंडावर संरक्षक चिन्ह असलेली, पाण्याने खराब न होणारी व सैनिकी अधिकाऱ्यांच्या शिक्क्याची पट्टी बांधावी, असा नियम आहे. येथे चिन्ह योग्य जागी असणे ही केवळ शिष्टाचाराची बाब नसून जिवाच्या सुरक्षिततेची बाब आहे.

भारतीय भूसेनेत पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री व बौद्ध भिक्षू हे धर्मशिक्षक कनिष्ठ राजादिष्ट अधिकारी म्हणून भरती होतात व त्यांची सेवा नायब सुभेदार या पदापासून सुरू होते. पलटणीच्या मंदिरात, गुरुद्वारात, मशिदीत वा चर्चमध्ये उपासना चालविणे, अंत्यविधीस उपस्थित राहणे, रुग्णालयातील जवानांना धीर देणे, शिक्षा भोगणाऱ्या सैनिकांची भेट घेणे व सैनिकांच्या मुलांना धर्मशिक्षण देणे ही त्यांची कर्तव्ये होत. निरनिराळ्या धर्मांचे सैनिक एकत्र असलेल्या ठिकाणी सर्वधर्मस्थळाची पद्धती रूढ आहे. पंडित असो वा मौलवी, पदाच्या श्रेणीत ते एकाच पायरीवर असतात. हीच वृत्ती शौर्यपदकांतही दिसते. अमेरिकेच्या सैन्यात जे चक्र बौद्ध धर्मगुरूची ओळख पटविते, तेच चक्र भारतात कोणत्याही एका संप्रदायाचे न राहता राष्ट्रध्वजावर व शौर्यपदकावर आलेले आहे आणि शीख, हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी अशा कोणत्याही नागरिकाच्या छातीवर ते शोभू शकते.

शौर्यपदकांच्या दोन शाखा : शत्रूसमोर गाजविलेले शौर्य व अन्य प्रसंगी दाखविलेले शौर्य यांत भेद करण्याची प्रथा ब्रिटिशांकडून आली. १८५६ मध्ये स्थापन झालेला व्हिक्टोरिया क्रॉस हा शत्रूसमोरील पराक्रमासाठी दिला जाई. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडवर बाँबवर्षाव होऊ लागल्यावर शत्रू प्रत्यक्ष समोर नसतानाही असामान्य धैर्य दाखविणाऱ्यांचा, विशेषतः नागरिकांचा, गौरव करण्याची निकड भासली व २४ सप्टेंबर १९४० रोजी जॉर्ज क्रॉस हे पदक निर्माण झाले. महाराष्ट्राच्या भूमीत व्हिक्टोरिया क्रॉसची आठवण यशवंत घाडगे व नामदेव जाधव या मराठा पलटणींतील वीरांमुळे टिकून आहे. दोघांनीही ते पदक इटलीच्या रणांगणावर, अनुक्रमे १९४४ व १९४५ मध्ये, मिळविले.

स्वतंत्र भारताने हा भेद कायम ठेवला. २६ जानेवारी १९५० रोजी परमवीरचक्र, महावीरचक्र व वीरचक्र ही शत्रूसमोरील शौर्याची पदके स्थापन झाली. त्यानंतर ४ जानेवारी १९५२ रोजी अशोकचक्र हे पदक वर्ग १, वर्ग २ व वर्ग ३ अशा तीन श्रेणींत स्थापन झाले. शत्रूशी समोरासमोर लढण्याव्यतिरिक्त अन्य प्रसंगी दाखविलेले अत्युच्च शौर्य, साहस अथवा आत्मबलिदान, ही त्याची कसोटी होय. १९६७ मध्ये या तीन वर्गांना अनुक्रमे अशोकचक्र, कीर्तिचक्र व शौर्यचक्र अशी नावे देण्यात आली. दोन्ही शाखांतील पदके १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या कृत्यांना लागू करण्यात आली. या पूर्वलक्षी तरतुदीमुळे १९४८ साली घडलेल्या कोणत्याही पराक्रमास नंतर दोहोंपैकी एका शाखेत बसविणे शक्य झाले आणि त्याचबरोबर अनिवार्यही झाले.

नळदुर्गचे स्थान : नळदुर्ग हे गाव तुळजापूर तालुक्यात, सोलापूरच्या पूर्वेस सु. ४५ किमी.वर, सोलापूर-हैदराबाद मार्गावर वसले आहे. बोरी नदीच्या वळणावर काळ्या पाषाणात बांधलेला येथील किल्ला बहमनी, आदिलशाही, मोगल व निजामशाही अशा क्रमाने सत्तांतरे पाहत आला. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या कारकीर्दीत इ. स. १६१३ च्या सुमारास नदीवर बंधारा घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधण्यात आला. पावसाळ्यात बंधाऱ्यावरून कोसळणारे नर-मादी धबधबे आजही प्रेक्षकांना खेचून घेतात. दख्खनच्या पठारावरील पश्चिम-पूर्व हमरस्ता व नदी ओलांडण्याची जागा एकाच ठिकाणी आल्याने या स्थळास लष्करी महत्त्व प्राप्त झाले. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड व रायचूर दुआब यांबरोबर धाराशिवचा मुलूखही इंग्रजांकडे सोपविला. त्या वेळी नळदुर्ग येथे मेडोज टेलर या अधिकाऱ्याने कारभार पाहिला. ठगांच्या जीवनावरील कादंबरीचा लेखक म्हणून तो प्रसिद्ध आहे. १८६० मध्ये हा मुलूख निजामास परत मिळाला. विसाव्या शतकाच्या आरंभी नळदुर्गचे जिल्ह्याचे ठाणे धाराशिव येथे गेले व सातव्या निजामाच्या नावावरून त्यास उस्मानाबाद हे नाव पडले. १९८२ मध्ये लातूर जिल्हा यातून वेगळा झाला आणि २०२३ मध्ये जिल्ह्यास धाराशिव हे जुने नाव पुन्हा देण्यात आले.

लढाईची पार्श्वभूमी : १५ ऑगस्ट १९४७ नंतर निजाम मीर उस्मान अली खान यांनी भारतात सामील होण्याचे टाळले. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत व हैदराबाद यांच्यात एक वर्षाचा जैसे थे करार झाला. परंतु त्याच्या पालनाविषयी दोन्ही बाजूंनी तक्रारी होत राहिल्या. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसने विलीनीकरणासाठी लढा उभारला होता. स्वामीजींचे सार्वजनिक जीवन याच जिल्ह्यातील हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेतून उभे राहिले होते. दुसरीकडे रझाकार संघटनेचा नेता कासिम रझवी हा तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील लातूर येथे वकिली करीत असे. लढ्याचे दोन्ही ध्रुव अशा रीतीने एकाच जिल्ह्याशी जोडलेले होते. सोलापूर जिल्ह्याला लागून असलेल्या या सरहद्दीवरील गावांना १९४७-४८ च्या वर्षात रझाकारांचे हल्ले, प्रतिहल्ले व स्थलांतर यांची झळ सतत लागत होती. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादने आपली तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीकडे नेली. हा दोन देशांमधील वाद आहे, असे हैदराबादचे म्हणणे होते. तर हा भारताचा अंतर्गत प्रश्न आहे, अशी भारताची भूमिका होती.

या भूमिकेस अनुसरूनच १३ सप्टेंबर १९४८ रोजी सुरू झालेल्या मोहिमेचा उल्लेख ‘पोलीस कारवाई’ असा करण्यात आला. तिचे सैनिकी सांकेतिक नाव ‘ऑपरेशन पोलो’ असे होते. प्रत्यक्षात ती दक्षिण विभागाचे प्रमुख लेफ्टनंट जनरल राजेंद्रसिंहजी यांच्या देखरेखीखाली पार पडलेली लष्करी मोहीम होती आणि तिच्यात रणगाडे, तोफखाना व विमाने यांचा वापर झाला. मुख्य चढाई मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी यांच्या नेतृत्वाखाली सोलापूरकडून झाली. विरुद्ध बाजूस हैदराबादच्या सैन्याचे सेनापती मेजर जनरल एल इद्रूस हे होते.

१३ सप्टेंबरची लढाई : सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या सैन्यापुढील पहिला मोठा अडथळा बोरी नदीवरील पूल हा होता. तो उडविला गेला असता, तर पावसाळ्याच्या दिवसांत चिलखती दलाची वाटचाल तेथेच अडली असती. सातव्या ब्रिगेडने पहाटेच्या अंधारात वेगाने हालचाल करून पूल सुस्थितीत ताब्यात घेतला व शीख रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीने नळदुर्ग येथील ठाण्यांवर हल्ला केला. पहिल्या हैदराबाद इन्फंट्रीच्या तुकड्या तेथे संरक्षणास होत्या. मार्ग मोकळा होताच चिलखती दल सकाळी ९ वाजता जळकोटला पोहोचले आणि दुपारी सव्वातीनच्या सुमारास, सरहद्दीपासून सु. ६१ किमी. आत असलेल्या उमरग्यात शिरले. दुसरी एक फौज त्याच पहाटे तुळजापुरास पोहोचली. तेथे हैदराबादच्या पायदळाची एक तुकडी व सु. २०० रझाकार यांनी दोन तास प्रतिकार केला व नंतर शरणागती पत्करली. तेथून लोहाऱ्याकडे जाणारी आगेकूच मात्र नदीला आलेल्या पुरामुळे थांबली. पहिल्याच दिवशी जिल्ह्याचा दक्षिण भाग भारतीय सैन्याच्या हाती आला. १७ सप्टेंबर रोजी निजामाने युद्धबंदी जाहीर केली व १८ सप्टेंबर रोजी एल इद्रूस यांनी चौधुरी यांच्यापुढे रीतसर शरणागती दिली. १७ सप्टेंबर हा दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो.

हवालदार बचित्तर सिंग : पंजाबातील लोपो या गावी १९१७ मध्ये जन्मलेले बचित्तर सिंग हे शीख रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीत हवालदार होते. १३ सप्टेंबरच्या पहाटे ४ च्या सुमारास नळदुर्गजवळ आघाडीवर असताना दोन मोटारी आपल्या ठाण्याकडे येताना त्यांना दिसल्या. त्यांनी आपल्या जवानांना गोळीबाराचा हुकूम दिला. मोटारींतील सैनिकांनी उलट गोळीबार सुरू केला, तेव्हा आपल्या तुकडीच्या गोळीबाराच्या आश्रयाने बचित्तर सिंग एकटेच पुढे धावले व दोन्ही मोटारी त्यांतील सैनिकांसह त्यांनी ताब्यात घेतल्या. पुढे त्याच दिवशी एका मोर्चेबंद जागेवरून त्यांच्या तुकडीवर जोराचा मारा होऊ लागला. बचित्तर सिंग यांनी हल्ल्याचे नेतृत्व केले. मशीनगनच्या ठाण्यापासून सु. ३० यार्डांवर असताना मांडीत गोळ्या लागून ते कोसळले. तशा स्थितीत त्यांनी सरपटत पुढे जाऊन दोन हातबाँब फेकले व ते ठाणे निकामी केले. मागे नेण्यास त्यांनी नकार दिला आणि अखेरपर्यंत आपल्या जवानांना प्रोत्साहन देत तेथेच प्राण सोडला.

त्याच दिवशी दक्षिणेकडील आघाडीवर तुंगभद्रा नदीच्या रेल्वे पुलाजवळ पाचव्या गोरखा रायफल्सचे नाईक नरबहादुर थापा यांनी गोळीबाराची पर्वा न करता उघड्या मैदानातून धावत जाऊन खुकरीच्या वारांनी मशीनगनचे ठाणे जिंकले. त्यांनाही अशोकचक्र वर्ग १ देण्यात आले. या मोहिमेच्या पहिल्याच दिवसाने अशा रीतीने नव्या पदकास पहिल्या पिढीचे मानकरी दिले.

पदकनिवडीचा अर्थ : बचित्तर सिंग पडले, त्या दिवशी स्वतंत्र भारताचे एकही शौर्यपदक अस्तित्वात नव्हते. परमवीरचक्र सव्वा वर्षानंतर व अशोकचक्र तीन वर्षांहून अधिक काळानंतर निर्माण झाले. जवळजवळ त्याच काळात जम्मू-काश्मीरमध्ये लढलेल्या मेजर सोमनाथ शर्मा, सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे इत्यादींच्या पराक्रमास परमवीरचक्राचा मान मिळाला. मशीनगनच्या ठाण्यावर जखमी अवस्थेत चालून जाण्याचे कृत्य दोन्ही रणांगणांवर सारखेच ठरले असते. भेद कृत्यात नव्हता. परमवीरचक्राच्या नियमावलीत ‘शत्रू’ हा शब्द निर्णायक आहे. हैदराबाद हे भारताचेच अंग आहे आणि मोहीम ही शांतता प्रस्थापनेची कारवाई आहे, या भूमिकेत हैदराबादच्या सैनिकास ‘शत्रू’ या संज्ञेत बसविणे सुसंगत झाले नसते. अशोकचक्राची कसोटी मात्र या भूमिकेशी पूर्णपणे जुळते. ज्या जनतेस व ज्या सैन्यास लवकरच भारतीय नागरिकत्व लाभणार होते, त्यांच्याविरुद्धच्या विजयाचे स्मारक युद्धपदकाच्या रूपाने न राहता आत्मबलिदानाच्या पदकाच्या रूपाने राहिले, हा या निवडीचा दूरगामी परिणाम होय.

या संदर्भात हैदराबादच्या सैन्यातील एका अधिकाऱ्याचे चरित्र उद्‌बोधक आहे. आर्देशीर बुर्झोरजी तारापोर हे हैदराबाद संस्थानाच्या सैन्यात घोडदळाचे अधिकारी होते. संस्थानाच्या विलीनीकरणानंतर ते भारतीय भूसेनेच्या पूना हॉर्स या रेजिमेंटमध्ये आले. १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर त्यांना वीरमरण आले व त्यांना परमवीरचक्र मरणोत्तर देण्यात आले. ज्या सैन्याविरुद्ध १९४८ मध्ये मोहीम काढावी लागली, त्याच सैन्यातून आलेल्या अधिकाऱ्याच्या नावे पुढे राष्ट्राचे सर्वोच्च युद्धपदक लागले. १९४८ च्या लढाईतील हैदराबादी सैनिकास ‘शत्रू’ न ठरविण्याची सुसंगती अशा उदाहरणांतून प्रत्ययास येते.

पदकाची घडण : स्वतंत्र भारताच्या प्रमुख शौर्यपदकांचे आकृतिबंध सावित्री खानोलकर (१९१३–१९९०) यांनी तयार केले. त्यांचा जन्म स्वित्झर्लंडमधील नूशातेल येथे झाला असून त्यांचे मूळ नाव ईव्ह इव्हॉन माडे द मारोस असे होते. शीख रेजिमेंटमधील अधिकारी विक्रम खानोलकर यांच्याशी १९३२ मध्ये विवाह झाल्यावर त्यांनी भारतीय धर्म, भाषा व कला यांचा सखोल अभ्यास केला. मेजर जनरल हिरालाल अटल यांनी त्यांच्याकडे पदकांच्या आरेखनाचे काम सोपविले. परमवीरचक्रावर त्यांनी इंद्राच्या वज्राच्या चार प्रतिकृती योजिल्या. वज्र हे दधीची ऋषींनी स्वेच्छेने दिलेल्या अस्थींपासून घडले, या पुराणकथेतील त्यागाचा भाव त्यामागे आहे. अशोकचक्रासाठी त्यांनी शस्त्राऐवजी सम्राट अशोकाचे चक्र निवडले. शीख रेजिमेंटच्या अधिकाऱ्याच्या पत्नीने आरेखिलेले हे पदक शीख रेजिमेंटच्याच हवालदारास प्रथम मिळावे, हा योगायोग लक्षणीय आहे.

अशोकचक्र हे वर्तुळाकार, सोन्याचा मुलामा दिलेले व सु. ३५ मिमी. व्यासाचे असते. दर्शनी बाजूवर मध्यभागी अशोकचक्र व त्याभोवती कमळांची माळ असते. मागील बाजूवर पदकाचे नाव हिंदी व इंग्रजी भाषांत कोरलेले असून दोहोंच्या मध्ये कमळाची फुले असतात. कीर्तिचक्र चांदीचे व शौर्यचक्र काशाचे असते. फितीवरूनही तिन्ही पदके ओळखता येतात. हिरव्या फितीवर नारिंगी रंगाची एक उभी रेघ असल्यास अशोकचक्र, दोन असल्यास कीर्तिचक्र व तीन असल्यास शौर्यचक्र समजावे. युद्धशाखेत परमवीरचक्राची फीत संपूर्ण जांभळी असते.

परिधानाचे नियम : शौर्यपदके छातीच्या डाव्या बाजूस आडव्या पट्टीला लावून धारण करतात. भारतरत्न हा किताब गळ्यात धारण केला जात असल्याने तो या रांगेत येत नाही. एकाहून अधिक पदके असल्यास त्यांतील सर्वश्रेष्ठ पदक छातीच्या मध्यरेषेच्या सर्वांत जवळ येते व इतर पदके श्रेष्ठतेच्या उतरत्या क्रमाने डाव्या खांद्याकडे जातात. पदकांची संख्या मोठी असल्यास ती एकमेकांवर अंशतः झाकली जातील अशी लावतात. परंतु सर्वश्रेष्ठ पदक पूर्णपणे दिसलेच पाहिजे. समारंभीय गणवेशावर पूर्ण आकाराची पदके, रात्रीच्या भोजनाच्या औपचारिक गणवेशावर लघुपदके व नित्याच्या गणवेशावर केवळ फितींच्या पट्ट्या, असा सर्वसाधारण संकेत आहे. तेच पदक दुसऱ्यांदा मिळाल्यास नवे पदक न देता फितीवर आडवी पट्टी जोडतात आणि केवळ फीत धारण करताना तीवर चक्राची लहान प्रतिकृती लावतात. फितीची दिशाही ठरलेली असते : महावीरचक्राची फीत अर्धी पांढरी व अर्धी नारिंगी असून नारिंगी भाग डाव्या खांद्याच्या बाजूस यावा लागतो. ती उलटी लावल्यास पदक तेच राहिले, तरी परिधान चुकीचे ठरते.

पदकांच्या अग्रक्रमात परमवीरचक्रानंतर लगेच अशोकचक्र येते व महावीरचक्र त्याच्या खाली येते. म्हणजे शत्रूसमोर नसलेले सर्वोच्च शौर्य हे युद्धातील दुसऱ्या श्रेणीच्या शौर्याहून श्रेष्ठ मानले गेले आहे. ‘पोलीस कारवाई’ या सौम्य नावामुळे नळदुर्गच्या पराक्रमाचे मोल कमी लेखले गेले, अशी शंका या क्रमाने दूर होते.

नंतरचे मानकरी : अशोकचक्र हे भूसेना, नौसेना व वायुसेना यांतील सर्व पदांच्या स्त्री-पुरुषांना, परिचर्या सेवेतील व्यक्तींना आणि नागरिकांनाही दिले जाते. पोलीस दलांना आरंभी यातून वगळले होते. पुढे त्यांचाही समावेश झाला. मराठा लाइट इन्फंट्रीचे कॅप्टन एरिक जेम्स टकर यांना नागा टेकड्यांतील १९५७ मधील पराक्रमासाठी व लेफ्टनंट नवदीप सिंग यांना काश्मीरमधील गुरेझ येथील २०११ मधील पराक्रमासाठी ते मरणोत्तर देण्यात आले. १९८६ मध्ये कराची येथे अपहृत विमानातील प्रवाशांचे प्राण वाचविताना मृत्यू पावलेल्या मुंबईच्या नीरजा भनोत या नागरिक मानकऱ्यांपैकी होत. २००८ मधील मुंबईवरील हल्ल्यात बलिदान केलेले हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर व तुकाराम ओंबळे या महाराष्ट्र पोलीस दलातील चौघांना २००९ मध्ये मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. जिवंत दहशतवाद्यास केवळ लाठी हाती असताना धरून ठेवणारे साहाय्यक उपनिरीक्षक ओंबळे आणि मशीनगनच्या ठाण्याकडे सरपटत गेलेले हवालदार बचित्तर सिंग यांच्या नावांपुढे एकाच पदकाचा उल्लेख येतो, यात या पदकाची मूळ कल्पना स्पष्ट होते.

मानचिन्हाच्या मर्यादा : पदक एका व्यक्तीच्या एका कृत्याची साक्ष देते, ज्या घटनेत ते कृत्य घडले, त्या संपूर्ण घटनेची साक्ष ते देऊ शकत नाही. उस्मानाबाद जिल्ह्याच्या बाबतीत ही मर्यादा ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. पोलीस कारवाईपूर्वी रझाकारांनी जिल्ह्यातील हिंदू जनतेवर केलेले अत्याचार हे या मोहिमेमागील एक प्रमुख कारण होते. कारवाईनंतरच्या आठवड्यांत मात्र सूड व लूट यांचे लोण पसरले व मुसलमान वस्तीस त्याची मोठी झळ पोहोचली. भारत सरकारने पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफार यांच्यासह एक सदिच्छा मंडळ १९४८ च्या अखेरीस संस्थानात पाठविले. त्याच्या अहवालात उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड हे चार जिल्हे सर्वांत अधिक पीडित म्हणून नमूद केले आहेत. संस्थानभर मृत्युमुखी पडलेल्यांची संख्या २७,००० ते ४०,००० असावी, असा या मंडळाचा अंदाज होता. हा अहवाल अनेक दशके अप्रकाशित राहिला. नळदुर्गच्या वीराचे शौर्य त्यामुळे तिळमात्र उणे होत नाही. परंतु पदकाच्या तेजाने जिल्ह्याच्या त्या हिवाळ्याचा इतिहास झाकला जाणेही योग्य नव्हे.

नळदुर्गच्या पुलावरील पहाट व त्यानंतर तीन वर्षांनी मुक्रर झालेली हिरवी-नारिंगी फीत यांचा संबंध अशा रीतीने केवळ गौरवाचा नाही. आपल्याच देशाच्या एका भागात शस्त्र उचलावे लागले असता त्या कृत्यास कोणते नाव द्यावे, हा नव्या राष्ट्रापुढील अवघड प्रश्न होता. शासनाने त्याचे एक उत्तर ‘पोलीस कारवाई’ या शब्दांत दिले व दुसरे पदकाच्या निवडीत. पहिल्या शब्दप्रयोगाविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. दुसरे उत्तर मात्र छातीच्या डाव्या बाजूस, परमवीरचक्राच्या लगत, आपल्या ठरलेल्या जागी टिकून आहे.